श्रीमंत देश गरीब देशांना काय काय विकत आले? (आलेख बघून डोकं चक्रावलंय)

चाळणी (धागाकर्ती), सोमवार, रात्री ८:१०

नमस्कार मंडळी. कामासाठी जागतिक बँकेचा विदा चाळताना एका मालिकेत अडकले आहे. उच्च उत्पन्न गटातल्या देशांच्या एकूण मालनिर्यातीपैकी किती टक्के माल कमी आणि मध्यम उत्पन्न गटातल्या देशांकडे जातो, अशी ती मालिका. फक्त माल, सॉफ्टवेअर, विमा, पर्यटन वगैरे सेवा यात नाहीत.

माझा शाळकरी समज असा की श्रीमंत यंत्रं विकतात, गरीब कच्चा माल विकतात, आणि बहुतेक व्यापार श्रीमंतांचा श्रीमंतांशीच चालतो. शेवटचा भाग बराचसा खरा निघाला. जर्मनी-फ्रान्स, अमेरिका-कॅनडा यांची आपसातली देवाणघेवाण प्रचंड आहे. पण रेघ सरळ नाही. ऐंशीच्या दशकात ती चक्क खाली बसते आणि २००१ नंतर जिना चढल्यासारखी वर जाते.

वर जाण्याचं कारण चीन हे मलाही कळतं, तेवढंच उत्तर देऊन पळू नका. मधल्या काळात नेमकं काय विकलं गेलं, पैसे कुणी दिले, आणि ऐंशीत काय बिघडलं? तुमच्यातले काही जण या धंद्यात आहेत म्हणून इथे विचारतेय. पुस्तकी नको, आतलं सांगा.

अर्ध्यावर, रात्री ८:१४

रुमाल टाकून ठेवतो. तागडी आणि कोष्टीबुवा आले की सावकाश वाचेन.

बिनभिंतीचा, रात्री ८:३३

सोपं आहे की. एखादा देश श्रीमंत झाला की 'गरीब' गटातून बाहेर पडतो, त्याला जाणारा माल हिशोबातून गळतो आणि रेघ खाली येते. दक्षिण कोरिया नव्वदीत वरच्या गटात गेला, तेव्हा असा खड्डा पडला असेल. ऐंशीतही कुणीतरी गेलं असणार.

तागडी, रात्री ९:४२

बिनभिंतीचा, तर्क छान आहे पण गाडी उलट्या दिशेने चाललीय. या गटांच्या बेरजा त्या त्या वर्षीच्या यादीप्रमाणे करत नाहीत. आज लागू असलेली यादी घेतात आणि तीच मागच्या सगळ्या वर्षांना लावतात. म्हणजे कोरिया एकदा वर गेला की त्याचा १९७० सालचा इतिहाससुद्धा उचलून श्रीमंतांच्या रकान्यात टाकला जातो. खड्डा पडत नाही, अख्खी भिंतच सरकते.

चाळणीताई, याचा परिणाम बघा. सत्तरीत जपान आणि अमेरिकेने कोरियाला जी यंत्रसामग्री विकली, ती आज डाउनलोड केलेल्या मालिकेत 'विकसनशील देशांना निर्यात' म्हणून दिसणारच नाही. जे देश वर चढले ते यादीतून मागल्या तारखेने गायब झाले. खालच्या गटात उरले ते अजून न चढलेले. मग कुणीतरी तो आलेख दाखवून म्हणतं, 'बघा, पन्नास वर्षं माल विकत घेतला आणि हे देश अजून तिथेच!' अहो, जे तिथे राहिले तेच तुम्ही निवडून ठेवलेत.

रशिया तर झोपाळ्यावर आहे. वर गेला, खाली आला, २०२४ मध्ये परत वर. दर १ जुलैला नवी यादी लागते. त्यामुळे एकच मालिका दोन वेगवेगळ्या वर्षी डाउनलोड केली तर जुन्या वर्षांचे आकडेही बदललेले दिसू शकतात. तुमच्या फाइलवर डाउनलोडची तारीख लिहून ठेवा.

आणि हो, जागतिक व्यापार संघटनेत 'विकसनशील' कोण हे ज्याचं त्याने सांगायचं असतं. कोरियाने पुढच्या वाटाघाटींत ती सवलत घेणार नाही असं जाहीर केलं ते २०१९ मध्ये, तोवर बाकी जगाने त्याला कधीच श्रीमंत धरलं होतं.

चाळणी, रात्री ९:५८

बाप रे. फाइलवर तारीख नाहीये. :(

कोष्टी, रात्री ११:२०

तागडीने रकाने सांगितले, मी रकान्यांच्या आधीची गोष्ट सांगतो. कापडाशिवाय मला दुसरं काही येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

श्रीमंत देशाने गरीब देशांना कारखान्यातला माल अवाढव्य प्रमाणात विकायची पहिली मोठी कथा म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्याचं सुती कापड. १९१३ साली ब्रिटनने सुमारे ७ अब्ज यार्ड कापड निर्यात केलं, त्यातलं ३ अब्जांच्या आसपास एकट्या भारतात उतरलं. हा शिखराचा आकडा. तीसचं दशक संपताना भारतात जाणाऱ्या त्या कापडाचा दहावा हिस्साही उरला नव्हता.

आता गंमत. ब्रिटनमध्ये सूतकताईची यंत्रं परदेशी विकायला बंदी होती. चोरून जायची, पण कायद्याने बंदी. ती १८४३ मध्ये उठली. कापड विकणाऱ्यांचा विरोध होता, यंत्रं बनवणाऱ्यांना बाजार हवा होता. यंत्रवाले जिंकले. लँकेशायरमधल्या ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही पुढे जगातली सगळ्यात मोठी कापडयंत्र कंपनी झाली, आणि तिने अक्षरशः सगळ्यांना यंत्रं विकली. १८८३ मध्ये ओसाकाला उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने सूतगिरणी सुरू झाली, साडेदहा हजार चात्यांची (चाती म्हणजे सूत पिळून गुंडाळणारी फिरती दांडी). चात्या प्लॅटच्या. तिचा तंत्रज्ञ यामानोबे ताकेओ लँकेशायरच्याच गिरणीत काम शिकून गेला होता. तेव्हाचा जपान गरीबच म्हणायचा.

पन्नास वर्षं पुढे या. १९३३ मध्ये सुती कापडाच्या निर्यातीत जपानने ब्रिटनला मागे टाकलं. त्याच्या आधी चार वर्षं, १९२९ मध्ये, प्लॅट ब्रदर्सने जपानच्या टोयोडाच्या स्वयंचलित मागाचं पेटंट एक लाख पौंडांना विकत घेतलं होतं. ज्यांना चात्या विकल्या त्यांच्याकडूनच मागाचा हक्क!

म्हणून मला या विषयात एकच गोष्ट खरी वाटते. श्रीमंत देश गरीब देशाला सतत काहीतरी विकत असतो, पण तीच वस्तू फार काळ विकत राहत नाही. आधी कापड, मग माग, मग मागाचे सुटे भाग. आणि प्रत्येक पायरीवर तो जे विकतो, त्यानेच त्याच्या आधीच्या मालाचं गिऱ्हाईक तुटतं. ओल्डहॅमच्या यंत्रवाल्याने शेजारच्या ब्लॅकबर्नच्या कापडवाल्याचा बाजार घालवला. एकूण टक्केवारीच्या आलेखात हे भांडण दिसत नाही, कारण दोघांचाही माल 'ब्रिटिश निर्यात' म्हणूनच बेरजेत जातो.

ठिणगी, मंगळवार, सकाळी ७:०५

कोष्टीबुवा, लिहिता झकास पण सगळं कसं गुळगुळीत करून टाकलंत. 'विकलं' म्हणे. गिऱ्हाइकाचा हात पिरगाळून विकलं त्याचं काय?

१८३८ चा बाल्टा लिमान करार घ्या. ऑटोमन साम्राज्याला ब्रिटिश मालावर ५ टक्क्यांच्या वर जकात लावता येणार नाही. १८४२ मध्ये अफूच्या युद्धानंतर नानकिंगचा तह, आणि चीनची जकातही त्याच आसपास बांधून टाकली. जपानला १८५८ पासूनच्या करारांनी अडकवलं, आणि जकातीचं पूर्ण स्वातंत्र्य १९११ मध्ये परत मिळालं. वसाहतींचं तर विचारूच नका. भारतात १८८२ मध्ये सुती मालावरची आयात जकात काढूनच टाकली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून परत लावावी लागली, तर लँकेशायरच्या समाधानासाठी १८९६ मध्ये देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली. आपल्याच घरातल्या मालावर कर, का, तर परक्याला वाईट वाटू नये!

तुमचे ३ अब्ज यार्ड या कायद्याच्या जोरावर उतरलेत.

कोष्टी, सकाळी ७:४०

मान्य. एकही वाक्य खोडत नाही. फक्त एवढंच, की जकात नव्हती त्याच काळात त्याच देशात प्लॅटची यंत्रं येऊन गिरण्याही उभ्या राहिल्या. हात पिरगाळणारा एकटा नव्हता, दुसरा मागच्या दाराने हत्यार विकत होता.

ठिणगी, सकाळी ७:४४

हे वाक्य मी ढापणार.

पाना_बारा, सकाळी १०:३१

बरीच वर्षं इथे नुसता वाचतो. सुटे भाग हा शब्द आला म्हणून लॉगिन केलं.

माझं आयुष्य रिंग फ्रेम, म्हणजे सूत कातायची यंत्रं, उभारण्यात गेलं. युरोपातून आणि जपानमधून आलेली यंत्रं, वेगवेगळ्या देशांतल्या गिरण्या. पेटी उघडायचा एक वास असतो. पाइनचं लाकूड, आतला गंजरोधक कागद, ग्रीस. पेटीच्या फळीवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि 'एचटी' असा शिक्का, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलंय, कीड परदेशात जाऊ नये म्हणून. पेटी कलली तर रंग बदलणारी एक चकती चिकटवलेली असते. पाठवणाऱ्याचा माणूस आधी ती बघणार, मग हात मिळवणार.

नोकरीच्या सुरुवातीला अख्खं यंत्र यायचं. बिडाचे पाय, आडव्या पट्ट्या, चात्या, ड्राफ्टिंग रोलर, मोटर, एवढंच काय पाया धरणारे बोल्टही. कंटेनरमागून कंटेनर. मग गिऱ्हाईक देशात बिडाचं काम होऊ लागलं, सांगाडा तिथेच ओतला. मग मोटर तिथली. मग चात्याही. दर खेपेला बाहेरून येणाऱ्या पेट्या कमी. शेवटी शेवटी जे यायचं ते एका टेंपोत मावायचं: नियंत्रणाचे कार्ड, सेन्सर, काही खास रिंगा, आणि आज्ञावली. वजन केलं तर पूर्वीच्या शंभराव्या भागाचंही भरणार नाही. पण किलोमागे भाव काढाल तर डोळे पांढरे होतील.

एकदा एका गिरणीत असं एक कार्ड जळलं. तळहाताएवढं. यंत्राला परवलीचा शब्द, तो फक्त कंपनीकडे; कार्ड फक्त कंपनीकडे; कंपनीच्या माणसाला सुट्टी. अकरा दिवस पूर्ण रांग बंद. मालक रोज येऊन त्या बंद यंत्रासमोर खुर्ची टाकून बसायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळ्याच तशा होत्या.

तेव्हा कोष्टीसाहेब म्हणतात ते डोळ्यांनी पाहिलंय. फक्त 'गिऱ्हाईक तुटतं' हे अर्धंच. गिऱ्हाईक सांगाड्यापुरतं तुटतं, कार्डाशी जास्तच घट्ट बांधलं जातं.

अर्ध्यावर, सकाळी १०:५०

या एका प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली. पाना_बारा, लॉगिन करत जा हो.

उधारखाता, दुपारी १:१५

चाळणी, तुझा 'पैसे कुणी दिले' हा प्रश्न बाजूलाच पडला. मला विचारशील तर तोच मुख्य.

गरीब देशाला यंत्र हवं असतं हे खरं, पण त्याच्याकडे डॉलर नसतात. मग विकणारा देशच उधारी देतो. ब्रिटनने निर्यात-पतहमीचं सरकारी खातं १९१९ मध्ये उघडलं. पहिल्या महायुद्धानंतर कारखाने ओस पडले होते, माल उधार विकला आणि बुडाला तर सरकार भरून देईल अशी सोय. अमेरिकेची एक्झिम (निर्यात-आयात) बँक १९३४ ची, मंदीच्या पोटातली. दोन्ही संस्था गरिबांच्या कळवळ्यातून निघालेल्या नाहीत, स्वतःच्या कामगारांसाठी निघाल्या. यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांच्या कागदावरच तसं लिहिलेलं असतं.

आता सत्तरीत या. १९७३ च्या ऑक्टोबरपासून काही महिन्यांत तेल ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेलं. तेलवाल्या देशांनी त्यातला काही पैसा खर्च केला: बंदरं, सिमेंट कारखाने, विमानं, शस्त्रं. तो माल श्रीमंत देशांतूनच गेला. उरलेला पैसा त्यांनी लंडन-न्यूयॉर्कच्या बँकांत ठेवला. बँकांनी तो मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना यांना तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर वरखाली होणाऱ्या, व्याजाने दिला, आणि त्या देशांनी त्यातून परत श्रीमंत देशांचा माल घेतला. सगळे खूश. मग १९७९ नंतर अमेरिकेने महागाई मोडायला व्याजदर चढवले. तरतं व्याज ते, तेही चढलं. ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले.

तुझ्या आलेखातला ऐंशीतला खड्डा बराचसा इथला आहे. कर्जबाजारी देशाने पहिलं काय केलं? आयात थांबवली. अमेरिकेची मेक्सिकोला होणारी निर्यात १९८१ मध्ये १८ अब्ज डॉलरच्या आसपास होती, ती १९८३ मध्ये ९ वर आली. दोन वर्षांत निम्मी. शेतीची अवजारं बनवणाऱ्या अमेरिकन कामगाराची नोकरी मेक्सिकोच्या कर्जात गुंतलेली होती हे त्याला कामावरून काढल्यावर कळलं. त्यात दशकाच्या मध्याला तेलाचे भाव कोसळले, तेलवाल्यांचीही खरेदी आटली. १९९७-९८ मध्ये आशियात हेच नाटक लहान रंगमंचावर परत झालं.

मदतीच्या नावाने विक्री हा आणखी एक प्रकार. मदत घ्या, पण माल आमच्याच देशातून घ्या. मलेशियातलं पेर्गाऊ धरण हे त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. ब्रिटनने २३.४ कोटी पौंड मदत दिली. ब्रिटनच्याच मदत खात्यातले वरिष्ठ अधिकारी सांगत होते की हे पैशाच्या दृष्टीने परवडणारं काम नाही. मागे १९८८ चा शस्त्रविक्रीचा करार होता. शेवटी १९९४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. मलेशिया तेव्हा चांगलाच वर येत होता हे आणखी वेगळं.

ठिणगी, दुपारी २:०२

आणि शेती कुठे गेली तुमची? सगळे यंत्रं-यंत्रं करताय. श्रीमंत देश धान्यही विकतात, आणि तेही स्वतःच्या शेतकऱ्याला अनुदान देऊन.

हैती. १९९५ मध्ये आयात तांदळावरची जकात ३ टक्क्यांवर आणायला लावली. अमेरिकन तांदूळ आला, तिथला भातशेतीवाला उठला. २०१० च्या भूकंपानंतर बिल क्लिंटन (१९९५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष हेच) यांनी सिनेटच्या समितीपुढे स्वतः कबूल केलं की हे धोरण माझ्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांना फायद्याचं ठरलं असेल, पण ती चूक होती आणि हैतीने स्वतःला पोसायची ताकद गमावली. पंधरा वर्षांनी. पोटावर पाय दिल्यावर.

शिवाय उतरलेले कपडे. श्रीमंतांनी दान केलेले कपडे गासड्या बांधून आफ्रिकेत विकले जातात. स्वाहिलीत त्यांना 'मितुंबा' म्हणतात. घानात 'ओब्रोनी वावू', म्हणजे मेलेल्या गोऱ्याचे कपडे. एवढे चांगले कपडे कुणी जिवंतपणी टाकेल यावर पूर्वी तिथल्या लोकांचा विश्वास बसायचा नाही. रवांडाने २०१६ मध्ये यावरची जकात किलोमागे २० सेंटवरून अडीच डॉलर केली, तर २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना असलेली करमाफी थांबवली. जुने कपडे घेणार नाही म्हणालात तर तुमचे नवे घेणार नाही. एकोणिसाव्या शतकातला हात आणि हा हात यात मला फरक दिसत नाही.

तागडी, दुपारी ३:२६

जुन्या मालावरून आठवलं. सीमेवर मालाची नोंद करायच्या जागतिक कोडपद्धतीत जुन्या कपड्यांना स्वतंत्र कोड आहे, ६३०९. म्हणून त्यांचा हिशोब निघतो. जुन्या गाड्यांचं तसं नाही. मोटारी ८७०३ मध्ये जातात आणि सहा अंकांपर्यंत नवी-जुनी असा सरसकट भेद होत नाही. पुढचे अंक ज्या त्या देशाच्या मर्जीवर. त्यामुळे कितीतरी वर्षं या धंद्याकडे नीट कुणी बघितलंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये आकडे जुळवले: २०१५ ते २०१८ या चार वर्षांत युरोप, जपान आणि अमेरिकेतून १ कोटी ४० लाख जुन्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या. त्यातल्या साधारण ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि निम्म्याहून अधिक आफ्रिकेत. बऱ्याच गाड्यांचं धूर गाळणारं उपकरण आधीच काढून घेतलेलं, कारण आत प्लॅटिनम असतं.

पण ठिणगी, माझ्या टेबलावरून हे कागद गेलेत म्हणून सांगतो. गाडी घेणारा तिथे रडत घेत नाही. त्याला नवी परवडत नाही आणि जुनीवर त्याचा धंदा चालतो. तिथल्या मेकॅनिकने त्या गाडीला आणखी पंधरा वर्षं ओढलेलं असतं.

ठिणगी, दुपारी ३:३१

कपडे शिवणारालाही विचारून या कधीतरी.

दोन_दिडक्या, सायंकाळी ६:४८

माझ्या दोन दिडक्या. वर सगळे 'श्रीमंत' म्हणजे युरोप-अमेरिका-जपान धरून बोलताहेत. चाळणीताईंच्या मालिकेत उच्च उत्पन्न गटात सौदी अरेबिया, कतार, अमिराती पण आहेत. ऑस्ट्रेलिया आहे, चिली आहे. म्हणजे आखातातलं तेल चीनला किंवा भारताला गेलं की ते 'श्रीमंतांची विकसनशील देशांना मालनिर्यात' या रकान्यात पडतं. ऑस्ट्रेलियाचं लोहखनिज चीनला गेलं, तेही. चिलीचं तांबं, तेही. २००१ नंतरचा जिना निव्वळ जर्मन यंत्रांचा नाही, त्यात खनिजाच्या राशी आहेत.

आणि तागडींनी सांगितलेली मेख इथे दुसऱ्या बाजूने टोचते. उधारखाता सत्तरीतल्या तेलवाल्या देशांच्या खरेदीबद्दल बोलले. तेव्हाच्या हिशोबात सौदी 'विकसनशील' होता. आजच्या यादीने बघितलं तर ती खरेदी श्रीमंताने श्रीमंताकडून केलेली. जुने अहवाल आणि आजची मालिका जुळणारच नाहीत.

राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर या अर्थतज्ज्ञांनी १९५० मध्ये मांडलं होतं की कच्चा माल विकणाऱ्याच्या पदरात कारखान्याच्या मालाच्या तुलनेत दिवसेंदिवस कमी पडत जातं. त्या विचारावर पुढे व्यापार आणि विकासाची संयुक्त राष्ट्र परिषद उभी राहिली, १९६४ मध्ये, आणि प्रेबिश तिचे पहिले सरचिटणीस. त्यांच्या डोक्यातलं चित्र स्पष्ट होतं: मध्यभागी यंत्रवाले, कडेला खाणवाले. आता बघा. अमेरिकेची चीनला मालनिर्यात २००० मध्ये १६ अब्ज डॉलर होती, २०२२ मध्ये १५४ अब्जांच्या आसपास. त्यात चिप आणि विमानं होती, पण यादीत अगदी वर सोयाबीन होतं. जगातला सगळ्यात श्रीमंत देश 'विकसनशील' देशाला शेंगा विकतो आणि त्याच्याकडून यंत्रं घेतो. प्रेबिश आज असते तर त्यांनी बाणांच्या दिशा कशा काढल्या असत्या कुणास ठाऊक.

बिनभिंतीचा, सायंकाळी ७:२०

सोयाबीन शेंगा नाहीत, दाणे. (हलके घ्या.)

पण यात आणखी एक फसगत आहे. जे विकलं ते तिथेच राहतं असं आपण धरून चाललोय. २००९ च्या आयफोनचा हिशोब दोघा संशोधकांनी मांडला होता. कारखान्यातून निघताना खर्च १७८.९६ डॉलर, त्यातलं चीनमधल्या जुळणीचं काम साडेसहा डॉलरचं. बाकी भाग जपान, जर्मनी, कोरिया, अमेरिका इथून. हे भाग चीनला जाताना 'श्रीमंतांची विकसनशील देशाला निर्यात' म्हणून मोजले गेले, आणि तेच भाग फोनच्या पोटात बसून अमेरिकेत परत आले. चीनने ते वापरले का? त्याच्या अंगणातून फक्त गेले. मेक्सिकोच्या सीमेवर मोटारींच्या भागांचं हेच चालतं, एकच भाग अर्धवट अवस्थेत चार-पाच वेळा इकडून तिकडे. प्रत्येक फेरी निर्यात.

कोष्टी, रात्री ८:०९

वा, धागा चांगला विणला जातोय. आगगाडीचं एक सांगून गप्प बसतो. २००५ मध्ये जर्मनीच्या सीमेन्सला चीनकडून ६० वेगवान गाड्यांची मागणी आली. त्यातल्या ३ जर्मनीत क्रेफेल्डला बांधायच्या, उरलेल्या ५७ चीनमध्ये तांगशानला. जपान, फ्रान्स, कॅनडाच्या कंपन्यांनीही त्याच सुमाराला असेच करार केले. २०२३ मध्ये जकार्ता ते बांडुंग वेगवान रेल्वे सुरू झाली, गाड्या चिनी. ते काम मिळवायला जपानही धडपडत होता.

ओसाकाच्या चात्यांना पन्नास वर्षं लागली होती. इथे अठरा.

पाना_बारा, रात्री ८:३०

क्रेफेल्डच्या त्या तीन गाड्यांबरोबर किती माणसं शिकायला गेली असतील त्याचा आकडा कुठल्या कोडखाली जातो, तागडीसाहेब?

तागडी, रात्री ८:३६

सेवा. त्या या मालिकेत नाहीतच, चाळणीताईंनी पहिल्याच ओळीत सांगितलंय. :)

चाळणी, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाला वेगळं लिहीत नाही.

संध्याकाळी बसून फाइल पुन्हा उतरवली, तारीख घातली. देशवार आकडे घेऊन बेरीज स्वतः केली आणि दोन रेघा काढल्या: एक आजच्या यादीने, दुसरी १९९० ची यादी गोठवून. दोन्हींत ऐंशीतली घसरण दिसते, म्हणजे उधारखाता यांचं कर्जप्रकरण रकान्यांचा खेळ नाही. पण गोठवलेल्या यादीची रेघ सगळीकडे बरीच वरून जाते, कारण कोरिया वगैरे मंडळी तिच्यात गिऱ्हाईक म्हणून अजून आहेत. मग चीन काढून बघितला, तर जिन्याच्या बऱ्याच पायऱ्या गेल्या, सगळ्या नाही. आखाती तेल वेगळं काढायचं राहिलंय, ते उद्या.

ठिणगी, कपड्यांच्या ६३०९ कोडचे आकडेही घेतले. डॉलरमध्ये ते एवढे किरकोळ आहेत की आलेखात रेघ उमटतच नाही. ज्या बाजारात ते उतरतात तिथे मात्र तो आकडा किरकोळ नाही हे तुझ्यामुळे लक्षात आलं. मग त्याला टनांत वेगळा आलेख देतेय.

पाना_बारा, एक विचारायचं होतं. तुम्ही कधी बंद पडलेल्या गिरणीतली जुनी यंत्रं खोलून दुसऱ्या देशात नेऊन बसवलीत का? ती कशी मोजतात?

पाना_बारा, रात्री १०:४०

दोनदा. युरोपातली एक गिरणी बंद झाली, तिथल्या रिंग फ्रेम खोलून, क्रमांक टाकून, पेट्या भरून एका गरीब देशात उभ्या केल्या. खोलायला तिथलेच दोन म्हातारे जॉबर (यंत्रखात्याचे मुकादम) आले होते, त्याच यंत्रांवर तीस वर्षं काढलेले. प्रत्येक चातीला फडकं मारून मगच पेटीत ठेवायचे. मी म्हटलं, वेळ जातोय. ते म्हणाले, घाण पाठवायची नाही.

मोजतात कशी ते तागडीसाहेब सांगतील.

तागडी, रात्री १०:५२

८४४५. नव्या यंत्राचा जो कोड तोच.